मराठी नावांची परत परत प्रश्नचिन्हं होतायत? आधी हेक्स बघा, मग कमांड मारा

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो. टेबलमध्ये मराठी नावाच्या जागी ???? दिसायला लागलं तर लगेच कॅरेक्टर सेट (कुठले बाइट म्हणजे कुठलं अक्षर हे ठरवणारा तक्ता) बदलायची कमांड मारू नका, टेबलची रचनाच बदलणारी आल्टर टेबल तर अजिबात नको. बॅकअप घ्या आणि त्या ओळीचं हेक्स, म्हणजे आत खरंच साठवलेले बाइट, बघा, बाकी सगळं नंतर. मी हे उलट्या क्रमाने केलं आणि जे दुखणं तासाभरात बरं झालं असतं त्याला तीन रात्री घालवल्या.

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. बनवलेलं मी नाही, आधीच्या माणसाने पीएचपीमध्ये आणि मायएसक्यूएल डेटाबेसवर करून दिलं आणि तो पुढे निघून गेला, मग ते माझ्या गळ्यात आलं. तिथल्या क्लार्क ताईंचा फोन ठरलेला, "दादा, ते परत आलं बघा. पासबुकावर सगळी प्रश्नचिन्हंच छापून आलीत. सभासद विचारतोय, वीस वर्षं खातं आहे आणि माझं नाव तुम्हाला ठाऊक नाही व्हय." असा फोन मला दीड वर्षात चार वेळा आला, आणि चारही वेळा कारण वेगळं निघालं. म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतोय. कमांड आणि हेक्सची अक्षरं इथे देवनागरीत लिहिलीत, टाइप करताना ती अर्थातच इंग्रजीत करायची.

पहिलं म्हणजे आजार ओळखा. लोक फोनवर "मराठी खराब झालंय" एवढंच सांगतात, पण त्यात तीन वेगळे आजार असतात. एकात सरळ प्रश्नचिन्हं दिसतात. दुसऱ्यात किडे दिसतात, म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चार पाय फुटलेलं ते गोल चलनाचं चिन्ह, मग काहीतरी तिसरं, आणि तेच परत परत. तिसऱ्यात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसते पण त्यात ती ए-आणि-चलनचिन्हाची जोडी नसते. हा तिसरा आजार डेटाबेसचा नाहीच, तो जुन्या फॉन्टचा. श्रीलिपी, कृतिदेव, सी-डॅकचा सुरेख वगैरे फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आतून मराठी नसतोच, तो फॉन्ट लावला तरच मराठी दिसतो. त्याला कन्व्हर्टर लागतो, कॅरेक्टर सेट कितीही बदला काही होणार नाही. त्यावर इथे जास्त बोलत नाही.

आता हेक्स. जी ओळ खराब दिसतेय तिचा आयडी घ्या आणि हे चालवा:

सिलेक्ट नाव, हेक्स(नाव) फ्रॉम सभासद व्हेअर आयडी = ४१२;

युनिकोडमध्ये देवनागरीला यू+०९०० ते यू+०९७एफ असा १२८ जागांचा पट्टा दिलाय. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, यातल्या प्रत्येक अक्षराला, मात्रेला, हलन्तालासुद्धा तीन तीन बाइट लागतात, आणि त्यातले पहिले दोन कायम ई० ए४ किंवा ई० ए५ असतात. म म्हणजे ई० ए४ एई. एवढं लक्षात ठेवलं की निम्मं निदान झालं.

हेक्समध्ये ३एफ ३एफ ३एफ दिसलं तर ते खरोखरचं प्रश्नचिन्ह आहे, ३एफ हा प्रश्नचिन्हाचाच कोड. म्हणजे नाव गेलं. त्या ओळीतून ते परत येत नाही, कुठलीही कमांड, कुठलंही टूल ते आणू शकत नाही, कारण आत आता काही उरलंच नाही. बॅकअप किंवा कागदी फॉर्म, दोनच रस्ते.

स्क्रीनवर प्रश्नचिन्हं पण हेक्समध्ये ई० ए४, ई० ए५ आणि कॉलम यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधला पूर्ण यूटीएफ-८) असेल, तर डेटा ठणठणीत आहे. फक्त तुमचं कनेक्शन लॅटिन१ (युरोपीय अक्षरांचा जुना कॅरेक्टर सेट, त्यात मराठी नाहीच) लावून बसलंय आणि सर्व्हर बाहेर पाठवताना मराठीची प्रश्नचिन्हं करतोय. इथे टेबलला हात लावाल तर चांगल्या डेटाचं वाटोळं कराल. पण ज्या स्क्रीनवर असं दिसतंय तिथून कुणाला सेव्हचं बटण दाबू देऊ नका, नाहीतर दिसणारी प्रश्नचिन्हंच परत आत लिहिली जातील आणि मग ती खरी होतील. हे आमच्याकडे झालंय, पत्ता दुरुस्त करायला उघडलेल्या फॉर्ममधून नाव गेलं.

हेक्स सी३ ए० सी२ ए४ असं सुरू होत असेल तर हे किडे, म्हणजे दोनदा एन्कोड झालेलं. म चे तीन बाइट कुणीतरी तीन वेगळी लॅटिन अक्षरं समजून परत यूटीएफ-८मध्ये लिहिले, म्हणून ते सी३ ए० सी२ ए४ सी२ एई झालं. दिसायला हे सगळ्यात भयानक पण यातून नाव पूर्ण परत येतं. लोक किडे बघून घाबरतात आणि प्रश्नचिन्हं बघून "सेटिंग असेल काहीतरी" म्हणतात, खरं तर भीती उलटी वाटायला पाहिजे.

आणि शेवटचा प्रकार, हेक्समध्ये ई० ए४ दिसतंय पण शो क्रिएट टेबल (टेबलची रचना दाखवणारी कमांड) केलं की कॉलमवर लॅटिन१ लिहिलंय. माल बरोबर आहे, डब्यावरची चिठ्ठी चुकीची आहे. माझी पहिली चूक इथेच झाली.

झालं असं की मायएसक्यूएल ५.७पर्यंत डीफॉल्ट कॅरेक्टर सेट लॅटिन१ होता आणि कोलेशन, म्हणजे अक्षरांचा क्रम लावायचा नियम, लॅटिन१_स्वीडिश_सीआय. मूळ कंपनी स्वीडनची म्हणून स्वीडिश, आणि त्यामुळे आपल्याकडच्या पाटील-जाधवांच्या याद्या वर्षानुवर्षं स्वीडिश नियमाने लागत आल्या. २०१८ला आलेल्या ८.०मध्ये डीफॉल्ट यूटीएफ८एमबी४ झाला. आधीच्या माणसाने काही न बघता डीफॉल्टवर टेबल बनवलं, पीएचपीचं कनेक्शनही लॅटिन१, त्यामुळे मराठीचे बाइट जसेच्या तसे आत गेले आणि जसेच्या तसे बाहेर आले. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या आणि सगळं मस्त दिसत होतं. मग कुणीतरी एका नवीन स्क्रीनसाठी कनेक्शनला यूटीएफ-८ लावलं. त्या स्क्रीनवर जुनी नावं किडे दिसायला लागली आणि नवीन भरलेली नावं प्रश्नचिन्हं झाली. एकाच टेबलमध्ये दोन्ही आजार.

इथे एक प्रश्न पडायला पाहिजे होता, की लॅटिन१ कॉलममध्ये मराठी कोंबलं तर मायएसक्यूएलने एरर का नाही दिला. देतो की. स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारणारी सेटिंग, ती एसक्यूएल मोडमध्ये असते) चालू असेल तर एरर १३६६, इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू, असा स्वच्छ येतो. पण इंटरनेटवर या एररचा उपाय म्हणून "एसक्यूएल मोड रिकामा करा" असं लिहिलेलं सापडतं आणि कुणीतरी तेच केलेलं होतं. एरर गेला, त्याच्यासोबत नावंही गेली. स्ट्रिक्ट मोड बंद केलेला सर्व्हर म्हणजे फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेला बोर्ड, असं माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

तर मी काय केलं, लॅटिन१ बघितलं आणि थेट आल्टर टेबल सभासद कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ मारलं. मायएसक्यूएलने चिठ्ठीवर विश्वास ठेवला, आतले बाइट खरंच लॅटिन अक्षरं आहेत असं समजून प्रत्येकाचं प्रामाणिकपणे भाषांतर केलं, आणि आत्तापर्यंत फक्त एका स्क्रीनवर दिसणारे किडे आता कायमचे टेबलात जाऊन बसले. बरोबर रस्ता असा होता की आधी कॉलम बायनरी करायचा, म्हणजे चिठ्ठी काढून टाकायची, आणि मग बरोबर चिठ्ठी लावायची:

आल्टर टेबल सभासद मॉडिफाय नाव व्हारबायनरी(२००) नॉट नल;
आल्टर टेबल सभासद मॉडिफाय नाव व्हारचार(१००) कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ नॉट नल;

मॉडिफायमध्ये नॉट नल, डीफॉल्ट, कॉमेंट जे काय असेल ते परत लिहावं लागतं, नाही लिहिलं तर ते उडतं, हे विसरू नका.

माझ्यासारखी चूक होऊन गेली असेल तर उलटा प्रवास करावा लागतो. आधी नुसतं सिलेक्ट करून डोळ्यांनी बघा:

सिलेक्ट आयडी, नाव, कन्व्हर्ट(कास्ट(कन्व्हर्ट(नाव यूजिंग लॅटिन१) अॅज बायनरी) यूजिंग यूटीएफ८एमबी४) फ्रॉम सभासद व्हेअर हेक्स(नाव) लाइक '%सी३ए०सी२ए४%' ऑर हेक्स(नाव) लाइक '%सी३ए०सी२ए५%';

नावं बरोबर दिसली तर हेच अपडेटमध्ये घाला, आणि ती व्हेअरची अट काढायची नाही. ती काढून अख्ख्या टेबलवर चालवलंत तर जी नावं आधीच चांगली आहेत ती लॅटिन१मध्ये मावणार नाहीत आणि त्यांचीच प्रश्नचिन्हं होतील. एकाच नावात अर्धं चांगलं अर्धं खराब असेल तर ती ओळ हाताने करा.

एक गोष्ट इथे जरा सविस्तर सांगतो कारण यात माझी पूर्ण रात्र गेली. हे काम मायएसक्यूएलच्या आतच करा, बाहेर पायथनमध्ये नको. मायएसक्यूएलचा लॅटिन१ हा खरा लॅटिन१ नाही, तो विंडोजचा सीपी१२५२ हा अक्षरांचा तक्ता आहे. सीपी१२५२मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत, ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. मायएसक्यूएल या रिकाम्या जागाही सांभाळून घेतो, जे आत गेलं ते तसंच बाहेर काढतो. पायथनचा सीपी१२५२ मात्र तिथे एरर देतो. आणि आपलं नशीब बघा, हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, झ चा ९डी, ए चा ८एफ, ऐ चा ९०. म्हणजे एकही जोडाक्षर धड पार होत नाही. मी पायथनमध्ये एरर इग्नोर लावून ठेवलं होतं, कमल पवार, विमल माने अशी साधी नावं एकदम छान आली, मी खूश, आणि दुसऱ्या दिवशी ताईंनी विचारलं की सगळे कृष्ण आणि ज्ञानेश्वर कुठे गेले. तेव्हापासून माझ्याकडे एक टेस्टचं नाव ठरलंय, ऐश्वर्या झेंडे. त्यात ऐ आहे, झ आहे, दोन हलन्त आहेत. ते नाव आत जाऊन धड बाहेर आलं तर बाकी गाव पार होतं.

दुसरी अडचण अशी की काही नावं उलटी फिरवल्यावरही नल, म्हणजे रिकामी, येत होती. कारण शोधलं तर कॉलम व्हारचार(५०) होता आणि तोही लॅटिन१, म्हणजे पन्नास अक्षरं नाही, पन्नास बाइट. दत्तात्रय रामचंद्र हे घ्या. दत्तात्रयमध्ये मात्रा-हलन्त धरून ९ खुणा, रामचंद्रमध्ये ८, म्हणजे ५१ बाइट आणि मधल्या जागेचा एक, झाले ५२. स्ट्रिक्ट मोड बंद, त्यामुळे शेवटचे दोन बाइट गुपचूप कापले गेले आणि शेवटच्या र चा एकटा ई० लोंबकळत राहिला. आडनाव तर आतच गेलेलं नाही. असली नावं शोधायला कॅर_लेंग्थ(नाव) = ५० लावून बघा, जी जी पन्नासला टेकलीत ती सगळी संशयित. ती हातानेच दुरुस्त केली.

हा झाला पहिला फोन. सगळं निस्तरून मी निर्धास्त झालो आणि दीडेक महिन्यात दुसरा आला.

दुसऱ्या वेळी सर्व्हरचा काही दोष नव्हता, एक्सेलचा होता. नवीन सभासदांची यादी शाखेतून एक्सेलमध्ये यायची, ताई ती सीएसव्ही करून अपलोड करायच्या. एक्सेलच्या सेव्ह अॅजमध्ये सीएसव्ही दोन आहेत, एक नुसता "सीएसव्ही कॉमा डिलिमिटेड" आणि एक "सीएसव्ही यूटीएफ-८". नुसत्या सीएसव्हीमध्ये एक्सेल विंडोजच्या जुन्या कोड पेजमध्ये लिहितो, आणि विंडोजमध्ये हिंदी-मराठीसाठी असं जुनं कोड पेजच नाहीये, म्हणून फाइलमध्येच प्रश्नचिन्हं पडतात. डेटाबेसपर्यंत पोचायच्या आधीच खेळ खलास. हे तपासायला फाइल नोटपॅडमध्ये उघडा, एक्सेलमध्ये नको. नोटपॅडमध्येच प्रश्नचिन्हं दिसली तर मूळ एक्सेल शीट परत मागवा.

यूटीएफ-८वाला सीएसव्ही घेतला तरी एक खोड राहतेच. त्या फाइलच्या सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ असे तीन न दिसणारे बाइट असतात, ते पहिल्या ओळीच्या पहिल्या रकान्याला चिकटतात, आणि मग "पहिलाच सभासद सापडत नाही" अशी तक्रार येते. आणि फाइल थेट टेबलात भरणारी लोड डेटा इनफाइल कमांड वापरत असाल तर त्याच्या आधी सेट नेम्स (कनेक्शनचा कॅरेक्टर सेट लावणारी कमांड) मारून काही उपयोग नाही, तो कनेक्शनचा कॅरेक्टर सेट बघतच नाही, डेटाबेसचा बघतो. कमांडमध्येच कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ लिहायचं.

तिसरा प्रसंग सर्व्हर बदलताना. विंडोजचा जुना सर्व्हर, ५.७ वरून ८.० वर जायचं होतं. होस्टिंगवाल्या माणसाने पॉवरशेल उघडून मायएसक्यूएलडंप (सगळा डेटा फाइलमध्ये काढणारं टूल) चालवला आणि मोठ्यापेक्षा-चं चिन्ह लावून फाइलमध्ये वळवला, आपण सगळे काळ्या खिडकीत करतो तसाच. पण विंडोजसोबत येणारा पॉवरशेल ५.१ आउटपुट तसंच्या तसं फाइलमध्ये लिहीत नाही, तो ते आधी स्वतः वाचतो, आपल्या समजुतीप्रमाणे अक्षरं करतो आणि यूटीएफ-१६मध्ये लिहितो. ती फाइल लोड करताना शून्य बाइटबद्दल एरर येतो आणि मग लोक ती नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह अॅज करायला जातात. करू नका. फाइलमध्ये मराठीच्या जागी ग्रीक अल्फा आणि डोक्यावर लाट असलेला स्पॅनिश एन दिसला तर समजा की पॉवरशेलने सीपी४३७ हे जुनं कोड पेज लावून वाचलंय, तिथे ई० म्हणजे अल्फा आणि ए४ म्हणजे तो एन. जुना सर्व्हर जिवंत असेल तर डंप परत घ्या:

मायएसक्यूएलडंप --डीफॉल्ट-कॅरेक्टर-सेट=यूटीएफ८एमबी४ --रूटीन्स --रिझल्ट-फाइल=पतसंस्था.एसक्यूएल पतसंस्था

रिझल्ट-फाइल लावलं की पॉवरशेल मध्ये येतच नाही. आमचं नशीब की जुना सर्व्हर बंद करायच्या आधी ऐश्वर्या झेंडे बघितली.

चौथा फोन मात्र खरा छळणारा होता. नवीन सर्व्हर, सगळे कॉलम यूटीएफ८एमबी४, कनेक्शनला यूटीएफ८एमबी४, स्ट्रिक्ट मोड चालू, आणि तरी रोज चार-दोन नावं प्रश्नचिन्हं. सगळी नाही, चार-दोनच. ताईंचा आवाजही बदललेला, "दादा, आता हे तुम्हाला जमंना झालंय काय?"

पहिली शंका कनेक्शनची. वर्कबेंच (मायएसक्यूएलचं डेटाबेस बघायचं टूल) उघडून शो व्हेरिएबल्स लाइक 'कॅरेक्टर_सेट%' केलं, सगळीकडे यूटीएफ८एमबी४. इथे बरेच जण फसतात, मीही फसलो होतो, ही कमांड तुमच्या स्वतःच्या कनेक्शनचं सांगते, अॅप्लिकेशनच्या नाही. वर्कबेंच स्वतःचं नीट लावून घेतो, त्यात पीएचपी काय करतोय ते कसं कळणार. ती कमांड अॅप्लिकेशनच्या कोडमधूनच चालवून छापायची, किंवा परफॉर्मन्स_स्कीमामधलं व्हेरिएबल्स_बाय_थ्रेड बघायचं, त्यात प्रत्येक कनेक्शनचं वेगवेगळं दिसतं. तसंच काहीजण इनिट_कनेक्टमध्ये (नवीन कनेक्शन उघडताना आपोआप चालणारी कमांड) सेट नेम्स लिहून ठेवतात आणि रूटने तपासतात. इनिट_कनेक्ट सुपरचे अधिकार असलेल्या यूजरला लागूच होत नाही, म्हणजे रूटला एक दिसणार आणि अॅप्लिकेशनला दुसरं. कनेक्शनचं जे काय आहे ते कोडमध्येच लावा, पीएचपी असेल तर मायएसक्यूएलआय_सेट_कॅरसेट, पीडीओ असेल तर डीएसएनमध्ये कॅरसेट.

तर आमचं अॅप्लिकेशनचं कनेक्शनही बरोबर निघालं. मग इन्फॉर्मेशन_स्कीमाच्या कॉलम्समधून लॅटिन१ राहिलेला एखादा कॉलम शोधला, तोही नाही. (तुम्ही मात्र हे नक्की बघा, आल्टर डेटाबेसने फक्त पुढे बनणाऱ्या टेबलचा डीफॉल्ट बदलतो, असलेल्या टेबलचं काही होत नाही, आणि आल्टर टेबलमध्ये नुसतं डीफॉल्ट लिहिलं तर असलेले कॉलम तसेच राहतात.) शेवटी मी ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि त्या काय करतात ते नुसतं बघत राहिलो. अकरा वाजता एक सभासद आला, ताईंनी नाव भरलं, सेव्ह केलं, बरोबर. मग एक जण आला, त्याला वारस नोंद करायची होती, ताईंनी वेगळाच फॉर्म उघडला, वारसाचं नाव भरलं, सेव्ह, आणि यादीत प्रश्नचिन्हं.

तो एकच फॉर्म स्टोअर्ड प्रोसीजरमधून, म्हणजे डेटाबेसच्या आतच साठवलेल्या छोट्या प्रोग्राममधून, लिहीत होता. बाकी सगळे थेट इन्सर्ट. प्रोसीजरमधल्या व्हारचार पॅरामीटरला वेगळा कॅरेक्टर सेट लिहिलेला नसेल तर तो प्रोसीजर बनवताना डेटाबेसचा जो डीफॉल्ट होता तोच धरून ठेवतो. नंतर डेटाबेस बदला, टेबल बदला, त्याला त्याचं काही नाही. त्याला ड्रॉप करून परत बनवलं तरच तो नवीन घेतो. पॅरामीटर लॅटिन१, कॉलम यूटीएफ८एमबी४, म्हणजे नाव दारातच प्रश्नचिन्ह होऊन आत जात होतं, आणि आत चाललेल्या प्रश्नचिन्हाला कॉलम कशाला अडवेल.

पण स्ट्रिक्ट मोड चालू होता ना, मग एरर का नाही? कारण पॅरामीटरमध्ये नाव भरताना बोलावणाऱ्या कनेक्शनचा मोड लागतो, आणि त्या फॉर्मचा कोड स्वतःच्या कनेक्शनवर मोड रिकामा करत होता. आणि आत शिरल्यावर प्रोसीजर एसक्यूएल मोडही बनवतानाचाच लक्षात ठेवतो आणि कायम त्याच मोडमध्ये चालतो. तो बनला तेव्हा मोड रिकामा होता, आज सर्व्हरवर काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मायएसक्यूएलडंपही प्रोसीजर नेताना हे सगळं जपून नेतो, तेव्हा नवीन सर्व्हरवर आल्याने काही फरक पडला नाही, जुना लॅटिन१ आणि जुना ढिला मोड दोन्ही सामानासकट आले. शो क्रिएट प्रोसीजर केलं की एसक्यूएल मोड आणि डेटाबेस कोलेशन दोन्ही समोर येतात, आम्ही कधी त्या रकान्यांकडे बघितलंच नव्हतं. सगळे एकदम शोधायचे तर:

सिलेक्ट स्पेसिफिक_नेम, पॅरामीटर_नेम, कॅरेक्टर_सेट_नेम फ्रॉम इन्फॉर्मेशन_स्कीमा.पॅरामीटर्स व्हेअर स्पेसिफिक_स्कीमा = 'पतसंस्था' अँड कॅरेक्टर_सेट_नेम <> 'यूटीएफ८एमबी४';

आमच्याकडे सहा प्रोसीजर निघाले. सहाही ड्रॉप करून, स्ट्रिक्ट मोडमध्ये, परत बनवले. आतले डिक्लेअर केलेले व्हेरिएबल या यादीत दिसत नाहीत, पण प्रोसीजर परत बनवला की तेही सुधारतात. ट्रिगरचंही (टेबलात लिहिताना आपोआप चालणारा कोड) हेच, तोही जुनंच धरून बसतो, तोही परत बनवा.

दुसरे डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलम एनव्हारचार असला तरी क्वेरीत मराठी नावाच्या अवतरणचिन्हाआधी मोठा एन लावला नाही तर प्रश्नचिन्हं पडतात, तिथे दहातले नऊ जण याच कारणाने येतात. एनव्हारचार पॅरामीटर वापरून क्वेरी लिहिली की तो प्रश्नच येत नाही. २०१९पासून तिथे यूटीएफ-८चं कोलेशन आलंय पण जुन्या डेटाबेससाठी एनव्हारचारच धरून चाला. पोस्टग्रेस या बाबतीत कडक मास्तर आहे, मावत नसेल तर तो सरळ एरर देतो, प्रश्नचिन्ह करून गप्प बसत नाही. मला तो यासाठीच आवडतो.

मायएसक्यूएलमध्ये नुसतं यूटीएफ८ लिहिलं तर चालेल का, हे हमखास विचारलं जातं. नुसता यूटीएफ८ म्हणजे तीन बाइटपर्यंतचाच, आणि मराठी तीन बाइटमध्ये बसते, त्यामुळे मराठी नावं चालतील. पण शेऱ्याच्या रकान्यात कुणी व्हॉट्सअॅपवरून हात जोडलेला इमोजी चिकटवला की तो चार बाइटचा, तिथे परत तेच १३६६. एमबी४च लावा.

आणि नाव धड दिसतंय पण सर्चमध्ये सापडत नाही ही वेगळी तक्रार. तिथेही हेक्सच बघा. गोऱ्हे हे आडनाव दोन पद्धतीने टाइप होतं, एकात खालच्या टिंबाचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा जोडक, त्याचे बाइट ई२ ८० ८डी. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण लाइक लावून शोधलं तर एकाने दुसरा मिळत नाही. आम्ही सेव्ह करतानाच दुसऱ्याचं पहिल्यात रिप्लेस करतो.

आता नावं परत आणायचं राहिलं. ३एफ झालेल्या ओळी शोधायला व्हेअर नाव लाइक '%??%' पुरतं, मायएसक्यूएलच्या लाइकमध्ये प्रश्नचिन्हाला काही खास अर्थ नाही. जुना बॅकअप त्याच डेटाबेसवर नाही, वेगळ्या नावाने रिस्टोर केला, आयडीवर जॉइन लावला आणि फक्त जिथे आज प्रश्नचिन्हं आहेत आणि बॅकअपमध्ये नाहीत तिथलंच नाव उचललं. एका बॅकअपने सगळं होत नाही, प्रत्येक नाव वेगवेगळ्या दिवशी गेलेलं असतं, आम्ही तीन महिन्यांचे बॅकअप एकामागून एक लावले. बिनलॉगवर (सर्व्हर ठेवतो ती बदलांची नोंद) फार भिस्त ठेवू नका, रो फॉरमॅट असेल तर त्यातही प्रश्नचिन्हंच लिहिलेली असतात.

सगळं झाल्यावर टेबलवर एक पहारेकरी बसवला:

आल्टर टेबल सभासद अॅड कन्स्ट्रेंट नाव_ठीक चेक (नाव नॉट लाइक '%??%');

हे ८.०.१६पासूनच खरं काम करतं, त्याआधीचे व्हर्जन चेक लिहून घेतात आणि बिनधास्त दुर्लक्ष करतात. तिथे ट्रिगरमध्ये सिग्नल (मुद्दाम एरर देणारी कमांड) लावावा लागेल. वारसांच्या टेबललाही तेच लावलं, पण आतली प्रश्नचिन्हं आधी रिकामी करून, नाहीतर अट लागतच नाही. आता नाव बिघडलं तर निदान सेव्हच होत नाही, आणि ताईंचा फोन पासबुक छापायच्या आधी येतो.

एवढं करूनही वारसांची सदतीस नावं कुठल्याच बॅकअपमध्ये सापडली नाहीत, ती जन्मतःच प्रश्नचिन्हं होती. ती यादी छापून दिली, ताईंनी कपाटातून मूळ फॉर्म काढले आणि दोन दुपारी बसून सगळी परत टाइप केली. त्यातल्या एका फॉर्मवर वारसाचं नाव सभासदाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं आणि ते काही केल्या वाचता येईना, तेवढं एक अजून बाकी आहे, तो माणूस शाखेत आला की विचारणार आहेत.